युसूफचाचांचे डोळे चांगले होते

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही, आईला तर नाहीच. एकदा सांगायला निघाले होते. नवऱ्याच्या मागे स्कूटरवर बसले होते, सिग्नलला थांबलो होतो, आणि मी म्हटलं, "ऐक ना, एक सांगायचं होतं." तेवढ्यात सिग्नल सुटला. तो म्हणाला, काय गं? मी म्हटलं, जाताना दही घ्यायचंय. असं ते दह्यावर गेलं. त्यालाही आता तीन वर्षं झाली.

मग तुम्हालाच का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. त्याहून खरं म्हणजे तुम्ही युसूफचाचांना ओळखत नाही, म्हणून.

लोकांना मी चांगली वाटते, हे आधीच सांगून ठेवते. मुलींच्या एका कॉलेजात मला भाषणाला बोलावतात, लेझर कटिंग मशीन सांभाळणारी बाई म्हणून. मी चांगली साडी नेसून जाते. आणि दर वेळी सांगते, की हे काम मला युसूफ शेख नावाच्या माणसाने शिकवलं, ते माझे गुरू. मुली टाळ्या वाजवतात. मी त्या टाळ्या घेते.

आमची शेड पुण्याच्या टोकाला, कात्रजच्या पुढे आहे. स्टीलचा पत्रा कापून देतो आम्ही — दवाखान्याच्या खाटांचे भाग, वीजपेट्यांची दारं, लिफ्टच्या आतली पॅनेलं. मी डिप्लोमा करून तिथे लागले तेव्हा तेवीस वर्षांची होते. सदाशिव पेठेतल्या दोन खोल्यांत वाढलेली, डोळ्यांना जाड भिंगाचा चष्मा, आणि वर्गात पहिली आल्याचा माज. युसूफचाचा तेव्हा पन्नाशी ओलांडलेले. मशीन त्यांच्या ताब्यात. त्यांच्याकडे डिप्लोमा नव्हता, काहीच नव्हतं. डोळे होते.

ते डोळे कसे होते, हे सांगायला हवं. नाहीतर मी काय केलं ते तुम्हाला कळणार नाही.

लेझर मशीनचं सगळं काम त्याच्या कटिंग हेडमध्ये असतं. हेडच्या खालच्या टोकाला तांब्याचं एक छोटं नोझल, आणि ते नोझल धरून ठेवणारी पांढरी सिरॅमिकची रिंग — बांगडीएवढीही नाही, अंगठीहून थोडी मोठी. लेझरचा किरण नोझलच्या भोकातून अगदी मधोमध खाली यायला हवा. जरा बाजूला सरकला की पत्र्याच्या एका कडेला वितळलेल्या धातूचे काटे चिकटून राहतात. त्याला आम्ही बर म्हणतो. मग तो माल परत येतो. किरण मधोमध आहे का, हे बघायची रीत साधी आहे. नोझलच्या तोंडाला चिकटपट्टी लावायची, लेझरचा एक हलका झटका द्यायचा, पट्टी काढून उजेडात धरायची. पट्टीवर भोकाचा गोल ठसा उमटतो आणि त्यात जळालेला एक ठिपका, टाचणीच्या टोकाएवढा. ठिपका मध्यावर नसेल तर हेडच्या बाजूचे स्क्रू किंचित फिरवायचे, पुन्हा पट्टी, पुन्हा झटका. याला सेंटर करणं म्हणतात.

आम्ही सगळे भिंग घेऊन बघायचो. चाचा पट्टी हातभर लांब धरायचे, एक डोळा मिटायचे आणि म्हणायचे, "डावीकडे गेलाय. केसभर." आणि तो केसभर डावीकडे गेलेला असायचा. दर वेळी.

हे डोळे घराण्यातून आले होते. त्यांचे वडील रविवार पेठेत भांड्याच्या दुकानाबाहेर बसून भांड्यांवर नावं घालायचे. लग्नातल्या आहेराची पातेली, कळश्या, डबे. चाचा लहानपणी शेजारी बसून बघायचे. पुढे ते स्वतः ब्रशने अक्षरं काढायला लागले. आमच्या शेडमधल्या सगळ्या पाट्या त्यांच्या हातच्या. माझ्या हत्यारांच्या पेटीवर त्यांनी माझं नाव लिहून दिलं होतं, 'अनघा', त्यातला 'घ' असा काही डौलदार, की मी पेटी घरी नेऊन आईला दाखवली.

त्यांनी मला सगळं शिकवलं. हेड कसं उघडायचं, आतली काच कशी पुसायची, श्वास कुठे रोखायचा — काचेवर तोंडाची वाफसुद्धा जाता कामा नये. हेड एकानेच उघडायचं, दहा हात लागले की दहा जणांची धूळ जाते, हा नियमही त्यांचाच. ते काम त्यांनी साहेबांना सांगून माझ्याकडे दिलं. म्हणाले, "पोरीचा हात हलका आहे." म्हणजे हेडच्या आत काय आहे हे बघायचा हक्क फक्त माझा. तो त्यांनी मला दिला. लक्षात ठेवा हे.

आणि मग ती एक दुपार. एक गिऱ्हाईक माल बघायला आलं होतं. आदल्या दिवशी चाचा रजेवर होते, सेंटर मी केलं होतं, पन्नासेक पॅनेलं माझ्या देखरेखीखाली कापली होती. त्या गृहस्थांनी कडेवरून बोट फिरवलं आणि बोट झटकलं. बर होती. साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी काही बोलायच्या आत चाचांनी पॅनेल उचललं, लांब धरलं, एक डोळा मिटला आणि म्हणाले,

"मॅडमनी सेंटर केलंय ना. बरोबर आहे. सेंटर पुण्यातच आहे, फक्त पेठेत हवं होतं, ते कात्रजला गेलंय."

सगळे हसले. गिऱ्हाईक हसलं, साहेब हसले, वातावरण हलकं झालं. चाचांनी ते मला वाचवायलाच म्हटलं होतं. हे मला आज कळतंय का? नाही हो. तेव्हाही कळलं होतं. हसण्यावारी गेलं म्हणून माल परत गेला नाही, चाचांनी तासाभरात सगळ्या कडा साफ करून दिल्या. पण त्या दिवसापासून माझं नाव पडलं. चहाला गेले की कुणीतरी म्हणायचं, "आली का कात्रज?" महिना दोन महिने चाललं असेल ते. मीही हसायचे.

एवढंच. याहून मोठं कारण नाही माझ्याकडे. मी शोधलं, खूप शोधलं. कुणाला वाटेल, ते मुसलमान म्हणून पेठेतल्या मुलीच्या मनात काही असेल. नव्हतं. मी त्यांच्या डब्यातला दालचा खायचे, ते माझ्या डब्यातली अळूची भाजी. तसं काही असतं तर निदान मला कुणाच्या तरी मागे लपता आलं असतं. मला त्यातून बढती मिळणार नव्हती, त्यांची जागा मला नको होती. मला फक्त ते डोळे सहन होत नव्हते. हातभर लांबून बघणारे, कधीच न चुकणारे.

पुढच्या पावसाळ्यात एका शुक्रवारी चाचा नमाजाला गेले होते, मशीन बंद होतं, आणि मी हेड साफ करायला घेतलं. सिरॅमिकची रिंग काढली तर तिला चीर गेलेली. केसाएवढी. नखाने लागायची, नुसती बघून दिसायची नाही. अशी रिंग थंड असताना नोझल नीट धरते. तासभर काम झालं, हेड तापलं, की चीर उघडते आणि नोझल किंचित कलतं. कपाटात नवी रिंग होती. बदलायला दोन मिनिटं लागतात.

मी ती हातात धरून बसले. आणि मग — मी तीच परत लावली.

का? तेव्हा स्वतःला सांगितलं, बघू, चाचांना कळतं का. म्हणजे परीक्षा घ्यायची होती म्हणे. बघू त्या डोळ्यांना चीर दिसते का.

चाचा आले, पट्टी लावून बघितली, ठिपका मध्यावर. काम सुरू झालं. तासाभराने एका कडेला बर. चाचांनी मशीन थांबवलं, पट्टी लावली. ठिपका उजवीकडे. त्यांनी स्क्रू फिरवून मध्ये आणला. चहाच्या सुट्टीनंतर हेड थंड झालेलं, तर आता ठिपका डावीकडे. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि पहिलाच प्रश्न बरोबर विचारला.

"अनघा, रिंग बघितलीस का गं?"

"बघितली, चाचा. चांगली आहे."

इथे मी थांबू शकले असते. हा एक दिवसाचा खोटेपणा होता, संध्याकाळी रिंग बदलून टाकली असती तर कुणाला काही कळलं नसतं. पण चाचांनी माझ्या शब्दावर मान हलवली आणि चष्मा नसलेले डोळे चोळले. भर शेडमध्ये, सगळ्यांसमोर. तुम्हाला सांगते, मला ते बघून जी गोड शिरशिरी आली, तशी आयुष्यात फार थोड्या वेळा आली आहे.

मग मी ते नीट करायला लागले. नीट म्हणजे, ठरवून. चाचांची पाळी असली की चीर गेलेली रिंग. ते जेवायला गेले की मी काच पुसायच्या निमित्ताने हेड उघडायचे आणि नवी रिंग लावायचे. ते परत आले की त्यांच्यासमोर मी सेंटर करून दाखवायचे, "बघा चाचा, आता बघा," आणि दिवसभर एक काटा दिसायचा नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा जुनी. आठ दहा वेळा केलं असेल. पाच आठवडे चाललं. हात हलका होता माझा, ते खरंच होतं.

चाचा आधी मशीनवर चिडले, मग कापताना सोडतात त्या गॅसच्या दाबावर शंका घेतली, मग पत्र्यावर. एक एक करून सगळं तपासलं, चांगल्या कारागिरासारखं. शेवटी तपासायला एकच गोष्ट उरली. ते पट्टी जवळ धरून बघायला लागले. मग भिंग घेऊन. मग एक दिवस पट्टी माझ्यासमोर धरून म्हणाले, "तू बघ गं. मला मध्ये दिसतोय. मध्ये आहे ना?" तो मध्येच होता. हेड थंड होतं तेव्हा. मी चष्मा सारखा केला, पट्टी उजेडात फिरवली आणि म्हटलं, "नाही चाचा. थोडा उजवीकडे आहे."

मग त्यांनी माझ्या सांगण्यावरून बरोबर असलेलं सेंटर बिघडवलं.

डोळ्यांच्या डॉक्टरांचा पत्ता मीच दिला. सदाशिव पेठेतले, आमच्या घराजवळचे, माझा नंबर तेच काढायचे. चाचा शनिवारी जाऊन आले आणि सोमवारी आल्या आल्या मला शोधत माझ्या टेबलापाशी आले. हातात कागद. लहान मुलाने प्रगतिपुस्तक दाखवावं तसा पुढे केला. "डॉक्टर म्हणाले, या वयात असे डोळे बघायला मिळत नाहीत. वाचायला चष्मा लागेल थोडा, बाकी काही नाही." हसत होते. पाच आठवड्यांत पहिल्यांदा.

आता मी ज्याच्या भोवती फिरतेय, ते सांगते. रिंगचं सांगितलं ते सोपं होतं. रिंग हे यंत्र आहे, माणसाने यंत्रात लबाडी केली, एवढंच. मी केलं ते यंत्रात नाही केलं.

चाचांनी मला एक गोष्ट सांगितली होती, फार आधी, ती 'कात्रज'ची गंमत व्हायच्याही आधी. चहा पीत होतो दोघंच. त्यांच्या वडिलांच्या शेवटच्या वर्षांबद्दल. भांड्यांवर नावं घालणारा तो माणूस — एक दिवस ओळ किंचित तिरकी गेली. मग एक अक्षर दुसऱ्यासारखं निघालं. मग एका पातेल्यावर भलत्याचंच नाव. लोक भांडी परत आणायला लागले. दुकानदाराने हात जोडले. डोळे तपासले, डोळ्यांत काही नव्हतं. दोष आत होता, डोक्यात. चार वर्षांनी ते आपल्या मुलाला विचारायचे, आपण कोण? चाचा म्हणाले होते, "मला मरायची भीती नाही गं. तेवढी एकच भीती आहे. हे मी घरातही बोललेलो नाही." त्यांनी ते मला सांगितलं होतं. मला.

तर तो कागद माझ्या हातात होता, ते हसत होते, आणि मी कागद वाचून परत दिला. खुर्चीतून उठले. त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. आवाज खाली आणला, अगदी मायेने, आणि म्हटलं —

"चाचा, डोळ्यांत काही नाही म्हणतात... तुमच्या वडिलांचं असंच सुरू झालं होतं ना?"

माणसाचा चेहरा पडतो म्हणतात. त्यांचा पडला नाही. तो तसाच राहिला, हसरा, फक्त त्यात कुणी उरलं नाही. ते म्हणाले, "हो." मग कागदाची घडी घातली, ती नीट बसली नाही, उलगडली, पुन्हा घातली. "हो गं. असंच." आणि मशीनकडे गेले.

मी खाली बसले आणि कामाला लागले. त्या दिवशी मी डबा पूर्ण खाल्ला, हेही आठवतंय.

दोन दिवसांनी त्यांनी स्वतःच साहेबांना सांगून मशीन सोडलं. साहेब नको म्हणत होते, ते ऐकेनात. "माझ्या हातून कुणाचं तरी बोट जाईल," म्हणाले. त्यांना पॅकिंगला बसवलं. ज्या दिवशी त्यांनी मशीन सोडलं त्या दिवशी मी नवी रिंग कायमची लावली आणि जुनी भंगाराच्या पिंपात टाकली. मशीन सुरळीत चालायला लागलं. झालं! सगळ्यांना पुरावा मिळाला. चाचा गेले आणि बर गेली. कुणी वाईट बोललं नाही, उलट सगळे त्यांच्याशी हळू आवाजात, सावकाश बोलायला लागले, जसं आजारी माणसाशी बोलतात. चाचा डबे मोजायचे आणि दोनदा मोजायचे. मग कागदावर लिहून घ्यायचे. मग कुणाला तरी विचारायचे, बरोबर आहे ना? स्कूटर चालवायची सोडली. एकदा मी त्यांना म्हटलं, स्टोअरच्या दारावरची पाटी पुसट झालीये, नवी करून द्या ना. हे का म्हटलं मी? बघायचं होतं. ते म्हणाले, "ब्रश देऊन टाकले, पोरी. आता अक्षर वाकडं गेलेलं बघवणार नाही." ती पाटी पुढे आम्ही छापून आणली.

एवढ्यावर तरी पुरे व्हावं की नाही?

त्यांची एक मुलगी होती, रेहाना. आई लहानपणीच गेलेली, बापलेक दोघंच कोंढव्याला राहायचे. ती एम.एस्सी. झाली होती आणि बंगळुरूला एका प्रयोगशाळेत तिची निवड झाली होती. चाचांनी सगळ्या शेडला पेढे वाटले होते तेव्हा. जायच्या आधी दोन आठवडे ती मला भेटायला आली, मुद्दाम मला. शेडच्या बाहेर, वडाखाली उभी राहिलो. माझ्याहून दोन-तीन वर्षांनी लहान असेल. ती म्हणाली, "ताई, अब्बा म्हणतात मला आजोबांसारखं होतंय. डॉक्टरांना काही सापडत नाही. मला तर ते पूर्वीसारखेच वाटतात, फक्त घाबरलेले. तुम्ही रोज त्यांच्याबरोबर असता. तुम्ही खरं सांगा. मी जाऊ का?"

घाबरलेले. तिला कळलं होतं. तिला फक्त कुणीतरी 'जा' म्हणायला हवं होतं. एक अक्षर.

आणि मी काय विचार केला सांगू? मी असा विचार केला, की हिला 'जा' म्हटलं, आणि चाचा ठणठणीत निघाले, तर लोक म्हणतील, मग तेव्हा काय झालं होतं? मशीनमध्ये काय होतं? हेड कोण उघडायचं?

मी म्हटलं, "रेहाना, त्यांना एकटं ठेवू नकोस."

ती गेली नाही. कोंढव्यातच एका शाळेत लागली. चाचांनी पुढच्या वर्षी नोकरी सोडली. निरोपाच्या दिवशी शाल, नारळ, साहेबांचं भाषण. माझंही. मी बोलताना रडले. खरं रडले की खोटं, मला सांगता येणार नाही. सगळ्यांना फार भिडलं.

याला आता सहा वर्षं होत आली. मधल्या काळात मी शोधून काढलं नाही ते कुठे आहेत, कसे आहेत. शोधायला काही फार लांब जायचं नव्हतं. मागच्या महिन्यात मी स्वारगेटला बसच्या रांगेशेजारून जात होते. भर सकाळ, ही गर्दी. कुणीतरी हाक मारली — "अनघा!" मी इकडेतिकडे बघितलं. दिसेना कोण ते. पुन्हा हाक आली. रस्त्याच्या पलीकडच्या थांब्यावरून, दोन रिक्षा आणि एक टेम्पो मध्ये, तिथून चाचांनी मला ओळखलं होतं. मी रस्ता ओलांडून अगदी जवळ गेले तेव्हा कुठे मला त्यांचा चेहरा स्पष्ट दिसला.

पांढरा इस्त्रीचा शर्ट, दाढी पूर्ण पांढरी. तब्येत उत्तम. घरच्यांची विचारपूस केली, बहिणीचं नाव त्यांना आठवत होतं, माझ्या डब्यातली अळूची भाजीही. साहेबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं का विचारलं. सगळं लक्षात होतं त्यांच्या, माझ्यापेक्षा जास्त. मग म्हणाले, "अजून फार वाढलेलं नाही बघ. डॉक्टरांना अजूनही दिसत नाही. पण मला कळतं ना आतून." आणि माझा हात हातात घेतला. "तू होतीस म्हणून वेळेवर सावध झालो. तोंडावर सांगणारी माणसं राहिली कुठे? बाकीचे नुसते हसत बसले असते."

मी म्हटलं, "असं नका बोलू, चाचा."

हे मी म्हटलं. याच्यापुढे काही म्हटलं नाही. रेहाना समोरच्या दुकानातून औषधं घेऊन येत होती, अजून रस्त्याच्या त्या कडेला होती. तिने लग्न केलेलं नाही, हे त्यांनीच सांगितलं. माझ्यापाशी चांगली तीन-चार मिनिटं होती. कागद काढून मला घरचा नंबर लिहून दिला त्यांनी, ये कधीतरी म्हणून. तो नंबर माझ्या पर्समध्ये आहे. आकडे सरळ रेषेत, एकसारखे, छापल्यासारखे.

तेवढ्यात लांबून बस येताना दिसली. चाचांनी मान उंचावून तिच्याकडे बघितलं. ओठ हलले त्यांचे. त्यांनी पाटी वाचली होती, मला दिसलं. मग ते थांबले आणि माझ्याकडे वळले.

"कोंढव्याची आहे का गं ती? तू बघ. माझं बघितलेलं मी आता धरत नाही."

मला तर अजून नुसता लाल ठोकळा दिसत होता. मी चष्मा सारखा केला आणि बस जवळ येईपर्यंत थांबले. तेही थांबले, माझ्या तोंडाकडे बघत. मग मी म्हटलं, "हो चाचा. कोंढव्याची." त्यांनी मान हलवली, समाधानाने, आणि तोवर येऊन पोचलेल्या रेहानाचा हात धरून चढले.

लाज वाटली. पण ती घरी आल्यावर. तिथे, त्या थांब्यावर, ते माझ्या तोंडाकडे बघत उभे होते तेव्हा मला बरं वाटलं.